विंडोज १० चे पॅच थांबले, म्हणून चालता पीसी भंगारात काढायचा?

पत्रिकावाला:
आमचं लग्नपत्रिका-हँडबिलांचं दुकान. २०१६ चा पीसी, सहाव्या पिढीचा आय-५. रॅम वाढवली, एसएसडी टाकली, आता घोड्यासारखा पळतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारे अपडेट (पॅच) थांबले, तेव्हापासून जो तो "नवीन घ्या" म्हणतोय. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, तिथेच आमची गाडी अडते. माझं म्हणणं, सपोर्ट संपला म्हणून मशीन एका रात्रीत नासत नाही. अँटीव्हायरस आहे, भलत्या लिंकवर मी बोट ठेवत नाही. शिवाय जुन्या मराठी फॉन्टचं डोंगल (पीसीला लावायची परवान्याची किल्ली) नव्या मशीनवर चालेल याची हमी कोण देणार? वीस वर्षांच्या फायली त्याच फॉन्टात आहेत.

तिरपागडे:
"लिंकवर बोट ठेवत नाही" हे वॉनाक्राय या फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने मे २०१७ मध्येच निकालात काढलं. त्याला कुणाच्या क्लिकची गरजच नव्हती. विंडोजच्या फाइल शेअरिंगमध्ये भोक होतं. नेटवर्कवरचं एक मशीन लागलं की शेजारचं आपोआप लागायचं. पॅच १४ मार्चला आला होता, हल्ला झाला १२ मे रोजी. लावला ते वाचले. तुम्हाला तर आता पॅचच येणार नाही. त्याहून वाईट म्हणजे, ११ चा पॅच निघाला की तो उलगडून भोक कुठे होतं ते शोधता येतं. तेच भोक १० मध्ये असेल तर ते उघडंच.

पत्रिकावाला:
पण वॉनाक्रायचे बहुतेक बळी विंडोज ७ वाले होते, आणि ७ ला तेव्हा सपोर्ट होता! उलट विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच संपलेला, तरी त्यांना नंतर खास पॅच दिला. वेळ आली की देतात.

तिरपागडे:
सपोर्ट असून पॅच लावला नाही म्हणून बुडाले, हे माझ्याच बाजूचं झालं. आणि एसटी एकदा थांब्याच्या पुढे थांबली म्हणून रोज तिथेच उभे राहणार का?

उरणकर:
दोघेही पॅचपाशीच अडकलात. जून २०१७ च्या नॉटपेट्या व्हायरसने आमच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल बंद पाडलं. तो आला कसा? युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! आत शिरल्यावर पासवर्ड उचलून पॅच लावलेल्या मशीनांवरही गेला. मर्स्कचं नेटवर्क पुन्हा उभं राहिलं ते घानातल्या एका सर्व्हरच्या जिवावर. तिथली वीज गेली होती म्हणून तो वाचला. (भारनियमनाचा एवढा फायदा आपल्याला कधी झाला नाही.) तेव्हा बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की उपटून ठेवा. ती कायम जोडलेली असेल तर मूळ फायलींबरोबर तीही जाईल.

मदरबोर्ड_मावशी:
मी दुरुस्तीचं काम करते. पत्रिकावाले भाऊ, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करा, सेटिंग्जचा बॅकअप चालू करा. ईएसयूमधून (मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेटची योजना) १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे सुरक्षा पॅच फुकट मिळतात. मशीन विंडोज १० च्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर हवं. विंडोजच्याच डिफेंडर अँटीव्हायरसला व्हायरसच्या नव्या याद्या २०२८ पर्यंत येतील, पण त्यावर विसंबू नका. त्या यादीतला चोर ओळखतात, भिंतीतलं भोक बुजवत नाहीत. नंतर कोरलचा (तुमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा) आणि डोंगलचा पीसी नेटवरून कायमचा काढा. मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपला जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम घाला.

तिरपागडे:
आणि गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह? नेट काढलं तरी ते येणारच. यांच्याकडे दिवसाला दहा तरी लागत असतील. इथून लागण घेऊन ते पुढे कॉलेजात, बँकेत जाणार. शिवाय लोक झेरॉक्ससाठी आधार कार्ड मेल करतात, प्रिंट निघते आणि फाइल यांच्या पीसीवर पडून राहते. "माझं मशीन, माझी जोखीम" हे दुकानदाराला म्हणता येत नाही.

पत्रिकावाला:
पेन ड्राइव्ह लॅपटॉपवरच घेईन, हे पटलं. ईएसयू आत्ताच चालू केलं. पण वर्षभराने पुन्हा "फेकून द्या" म्हणाल, तेव्हाही माझं उत्तर हेच असेल.
आधारचं मात्र लागलं. डाउनलोड फोल्डर उघडून बघितलं तर २०१९ पासूनची कार्डं पडलीत, त्यात एका नवरदेवाचं पॅन आणि पासबुकसुद्धा. आधी ती उडवतो.