अनोळखी किनाऱ्यावर गळ टाकायला गेलात का कधी? अनुभव सांगा

वसईकर_टॅम्पा
काल अलिबागहून चुलतभावाचा फोन. मार्चमध्ये येतोय फ्लोरिडाला, आणि पहिला प्रश्न काय, तर "गळ घेऊन येऊ का रे?" तिकीट, व्हिसा, कपडे काही नाही, थेट गळ. हसलो, पण मग मी इथे नवीन आलो तेव्हाचे क्यूबन आजोबा आठवले. टॅम्पा खाडीवरचा स्कायवेचा जुना पूल, 1980 साली जहाज धडकून पडला त्याचे उरलेले भाग आता मासेमारीचा धक्का आहेत, तिथे हे आजोबा रोज बसायचे. मी आपला जड शिसं लावून लांऽऽब भिरकावतोय, खडकावरून सवय ना. ते काही बोललेच नाहीत, उठून आले, माझी दोरी गोळा केली, शिसं काढून इवलंसं लावलं, छोट्या गळाला त्यांच्या डब्यातला खेकडा टोचला आणि खांबाला चिकटून सरळ खाली सोडलं. शीप्सहेड मासा लागला. काळेपांढरे पट्टे, आणि ओठ वर करून बघितलं तर आत अगदी माणसासारखे चौकोनी दात! बायकोने फोटो बघून जेवायला नकार दिला.

तर भावासाठी म्हणून, पण सगळ्यांच्याच कामी येईल, कुठेही नवीन समुद्रावर गेला असाल तर लिहा. काय आधी कळलं असतं तर बरं झालं असतं?

खाडीकाठ
मासेमारीचं लायसन लायसन लायसन. बाहेरच्या माणसाला किनाऱ्यावरूनही लागतं, 3 दिवसांचं 17 डॉलर, 7 दिवसांचं 30. ऑनलाइन मिळतं. 16 च्या आतल्या पोरांना नको. चार्टर (कॅप्टनसकट भाड्याने घेतलेल्या) बोटीवर गेलात तर कॅप्टनच्या लायसनात तुम्ही येता.

जुईली_ऑस्टिन
शीप्सहेडचे दात गुगल केले. आता झोप नाही 😩

नाखवा_ऑन_लीव्ह
दादा भावाला सांगा भरतीचं गणित इथलं विसरून जा. आपल्याकडे मुंबई-अलिबागला उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी चढतं, तिकडे गल्फच्या (मेक्सिकोच्या आखाताच्या) बाजूला जेमतेम दोन-तीन फूट, काही दिवस तर दिवसभरात एकच भरती आणि एकच ओहोटी. पहिल्यांदा तक्ता बघितला तेव्हा मला वाटलं छापताना चुकलंय. पण त्या दोन फुटांतच सगळं असतं, पाणी धावतंय तोवर मासा खातो, पाणी थांबलं की तोही थांबतो, मग तुम्ही डबा उघडून जेवून घ्या. आणि मार्चमध्ये थंडीची लाट येऊन उत्तरेचा वारा सुटला की तो खाडीतलं पाणीच बाहेर ढकलतो, तक्त्यात भरती आणि समोर चिखल. म्हणून हॉटेल बुक करताना एखाद दिवस मोकळा ठेवा वाऱ्यासाठी.

पेणची_सून
माझा अनुभव वेगळाच. हाफ डे बोट घेतली होती सासरे आले तेव्हा, छान स्नॅपर मिळाले, परत धक्क्यावर आलो तर बोटीवरचा मुलगा इतक्या सफाईने फिले काढतोय आणि डोकी, काटे सगळं बादलीत! सासरे मराठीतूनच ओरडले "अरे डोकं कुठे टाकतोस!!" तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं त्याचं बोट कापलं. मग मी समजावलं की डोकं हवंय, शेपूट हवी, सगळं हवं. तो म्हणाला आधी सांगायचं ना, मग नुसते खवले काढून साफ करून दिले. तर हे बोटीत चढतानाच सांगून ठेवा. त्या मुलाला टिप वेगळी द्यायची असते, 15-20 टक्के धरून चाला, बजेटात आधीच.

जुईली_ऑस्टिन
@पेणची_सून डोक्याचं काय केलंत मग? 😀

पेणची_सून
तिरफळ घालून कालवण. हॉटेलच्या किचनेटमध्ये. फायर अलार्म वाजला नाही हे नशीब.

बोंबील_फ्राय
केळी नेऊ नका बोटीवर!!! मी चेष्टा करत नाहीये. आईचा उपास होता म्हणून पिशवीत केळी, कॅप्टनने बघितली आणि चेहराच पडला त्याचा. अपशकुन मानतात. आईने तिथल्या तिथे सगळी वाटून खाऊन संपवायला लावली, साली पण धक्क्यावरच्या कचऱ्यात, तेव्हा कुठे इंजिन चालू झालं. आई म्हणते यांचं पण आपल्यासारखंच आहे की, आपण नारळ देतो.

खाडीकाठ
😂😂 मासा मिळाला का पण

बोंबील_फ्राय
आईला सगळ्यात जास्त. उपासामुळे खाता आला नाही.

रा_ना_ओरलँडो
स्नूकबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. तिवरांच्या मुळांत बसतो, अंगावर काळी रेघ, आपल्या जिताड्यासारखाच आकार आणि तशीच झेप. अलिबागचा माणूस बघून वेडा होईल. पण सांभाळून, टॅम्पाकडे डिसेंबर ते फेब्रुवारी आणि मे ते ऑगस्ट ठेवायला बंदी, बाकी वेळी माणशी एक, तोही 28 ते 33 इंचांतलाच, आणि लायसनवर वेगळं परमिट. लहान सोडा तसा मोठाही सोडा, हे आपल्या लोकांच्या पचनी पडत नाही. माझ्या मित्राचे मामा 35 इंची सोडताना अक्षरशः पाठमोरे उभे राहिले. नियम मधेच बदलतात, निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा.

नाखवा_ऑन_लीव्ह
मोठी मादी सोडायचीच. अंडी तिच्याकडेच. आमच्याकडे हे केलं असतं तर आज जिताडा इतका महाग मिळाला नसता.

डॉ_मुडदुशी
पाण्यात उतरून गळ टाकणार असाल तर पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चला. पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) वाळूखाली असतं, धक्का लागला की आपणहून निघून जातं, पाय वरून पडला तर काटा मारतं. लागलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय आणि लगेच दवाखाना. अंगावर उघडी जखम असेल तर कोमट खाऱ्या पाण्यात उतरूच नका, लिव्हरचा त्रास किंवा डायबेटिस असेल त्यांनी तर नाहीच. आणि हो, किंग मॅकरेल सुरमईसारखा दिसला, लागतोही तसाच, तरी पारा जास्त असतो, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना देऊ नये.

वसईकर_टॅम्पा
@डॉ_मुडदुशी हे भावाला जसंच्या तसं पाठवलं. त्याचं उत्तर: "म्हणजे खायचं काय मग"

माऊ_न्यूजर्सी
डिस्नेला मार्चमध्ये गर्दी असते का हो?

रा_ना_ओरलँडो
असते. स्प्रिंग ब्रेक. मासे बरे.

मुक्ता_के
मासे धरत नाही मी, नवरा धरतो, मी पुस्तक घेऊन बसते. माझा सल्ला: तिवरांकडे संध्याकाळी जाल तर लांब बाह्या. तिकडे एक किडा असतो डोळ्यांना दिसतच नाही, डासांच्या जाळीतून आरामात आत येतो. आणि पेलिकनपासून दोरी लांब. अडकलाच तर दोरी कापून सोडू नका, अंगाभोवती गुंडाळून मरतो तो. हळू ओढून घ्यायचा, डोक्यावर टॉवेल, चोच धरून (पूर्ण बंद नाही, श्वास तिथूनच घेतो) गळ काढायचा. नवऱ्याने चोच धरली आणि मी गळ काढला. पुस्तक पाण्यात गेलं त्यात.

बोंबील_फ्राय
कुठलं पुस्तक

मुक्ता_के
लायब्ररीचं 😑

खाडीकाठ
भावाला सामान आणू देऊ नका, तिथेच आमिषाच्या दुकानात जा, जिवंत कोळंबी घ्या आणि विचारा "या आठवड्यात काय चाललंय". कोळंबी विकायची असते त्यांना, खरं सांगतात.

वसईकर_टॅम्पा
उशीर झाला. भावाने आत्ताच फोटो टाकलाय, बॅग भरली. गळ, शिसं, आणि एक अख्खा पाग (हाताने फेकायचं जाळं). पाग!! वजन 11 किलो.

पेणची_सून
पाग राहू द्या, तिरफळं आणायला सांगा. माझी संपलीत.