कॉलेजच्या अ‍ॅथलेटिक्स टीमचा सीझन फॉलो कसा करायचा?

सिंहगडरोडकर: बहीण यंदा कॉलेजच्या टीममध्ये आलीये, ४०० मीटर आणि रिले. मला फक्त क्रिकेट कळतं, मॅच कुठे असतात, कोण पुढे गेलं हे कुठे बघायचं? ती काही सांगत नाही, विचारलं की म्हणते दादा तू येऊ नकोस 😅

स्पाइक्सवाला: आधी इंटर कॉलेज झोनल, मग इंटर झोनल (पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर, नाशिक), तिथून विद्यापीठाची टीम निवडतात आणि ती ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटीला जाते. तारखा हलत राहतात त्यामुळे कॉलेजच्या जिमखान्यात जाऊन विचार, ऑनलाइन शोधत बसू नकोस. प्रॅक्टिस बघायची तर सकाळी पुण्यातलं सणस ग्राउंड, तिथे धावायचा ट्रॅक आहे. आणि हो, जा बिनधास्त, नको म्हणतात सगळेच.

बाणेरची_मावशी: रिले बघताना बॅटन, म्हणजे हातातली काठी, पुढचीला देताना बघ रे, ४ बाय १०० ला (चौघी, प्रत्येकी शंभर मीटर) ती देण्यासाठी ३० मीटरचा झोन असतो, त्याच्या बाहेर बॅटन हातात गेली की अख्खी टीम बाद, कितीही पुढे असो. माझी भाची पळायची तेव्हा आम्ही तिथेच उभे राहायचो, फिनिशला गर्दी आणि दिसत काहीच नाही.

सिंहगडरोडकर: भारी! ४०० ला काय बघू?

स्पाइक्सवाला: सुरुवातीला बाहेरच्या लेनवाली पुढे दिसते, तो स्टॅगर असतो, म्हणजे बाहेरची लेन वळणावर लांब पडते म्हणून तिला पुढून सुरुवात देतात, लीड नाही. खरी शर्यत शेवटच्या शंभरात. बालेवाडी स्टेडियमला मीट (स्पर्धा) असेल तर टोपी आणि पाणी ने.