स्कार्पेटा रद्दीत घालायची का?

खानापूरची वाचक: काल टिळकवाडीकरांनी इथं लिहिलं, ‘स्कार्पेटा १९९८ नंतर रद्दीत घाला, पुढची पुस्तकं वाचणाऱ्याला चव नाही.’ स्कार्पेटा म्हणजे पॅट्रिशिया कॉर्नवेल या अमेरिकी लेखिकेच्या रहस्यकादंबऱ्यांतली शवविच्छेदन करणारी डॉक्टर. रात्रभर तेच डोक्यात, म्हणून सविस्तर लिहिते. १९९० साली तिचं पहिलं पुस्तक ‘पोस्टमॉर्टेम’ आलं तेव्हा डीएनए चाचणी तिकडच्या कोर्टांनाही नवी होती. लेझरच्या उजेडात अंगावर चमकणारे बारीक कण, एवढ्यावरून खुन्याचा माग निघतो. कॉर्नवेलबाईंनी व्हर्जिनियात मुख्य वैद्यकीय परीक्षकांच्या कार्यालयात सहा वर्षं नोकरी केली, ते पानापानावर कळतं. मेलेल्या माणसाशी इतक्या अदबीनं वागणारी डॉक्टर मी दुसऱ्या पुस्तकात पाहिलेली नाही. पुढची पुस्तकं कमीजास्त असतील, पण ती अदब शेवटपर्यंत आहे.

टिळकवाडीकर: चवीचं मागं घेतो. बाकीचं नाही. १९९८च्या ‘पॉइंट ऑफ ओरिजिन’मध्ये तिच्या प्रियकराला, बेंटनला मारलं तेव्हा मी खरंच रडलो. आणि २००३ला ‘ब्लो फ्लाय’मध्ये तो जिवंत! पाच वर्षं वाचकाला खोटं सुतक पाळायला लावलं. त्यात निवेदनातला ‘मी’ही काढून टाकला. स्कार्पेटाच्या डोळ्यांनी टेबलावरचा देह बघणं, हाच त्या पुस्तकांचा जीव होता.

अनगोळची: ‘मी’ २०१०ला परत आला की. ‘पोर्ट मॉर्च्युअरी’ वाचलंच नाही तर कसं कळणार?

निपाणीकर: बेंटनचं सोडा वो. मरिनोचं काय केलं? पहिल्या पुस्तकातला तिरसट पण जिवाला जीव देणारा पोलीस, आणि २००७ला तोच दारू पिऊन तिच्यावर हात टाकतो. तिथं मी पुस्तक मिटलं ते कायमचं. शिवाय ती भाची ल्युसी! संगणक तिचा, हेलिकॉप्टर तिचं. शव राहिलं बाजूला.

शहापूरचा वकील: मला खुपतं ते वेगळंच. ही पुस्तकं वाचून पक्षकार विचारतात, आमच्याकडं डॉक्टर जागेवर का आले नाहीत? आपल्याकडं जागेवर पोलीस जातात, पंचनामा तेच करतात, डॉक्टरपुढं देह नंतर येतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर जायचंय, पण ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे.

खानापूरची वाचक: वकीलसाहेब, पंचनाम्याचं तुम्ही काढलंत म्हणून सांगते. माझे मामा शेतात पडलेले सापडले. आमचं खानापूर कर्नाटकात, म्हणून पंचनामा कन्नडात. मामी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. ‘इथं सही करा’ म्हणाले, तिनं केली. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले पोटातले अवयव, राखून ठेवलाय एवढंच कानावर आलं. व्हिसेरा म्हणजे काय, हे तिला मी सांगितलं, आणि मला ते ठाऊक होतं या पुस्तकांमुळं. अहवाल यायला सात महिने लागले. तोवर गावानं विषाची गोष्ट रचून झाली होती. निघाला हृदयविकार.

निपाणीकर: वाईट झालं, ताई. पण पुस्तकाच्या गप्पांत भाषेचा प्रश्न कशाला? इथं राहायचं तर कन्नड वाचायला शिकावं. माझ्या आईचं माहेर कन्नड, मी शिकलो.

अनगोळची: घरात आई शिकवणारी होती म्हणून शिकलात! साठीच्या विधवेनं नवरा जमिनीवर पडलेला असताना बाराखडी गिरवायची? १५ टक्क्यांवर अल्पसंख्याक असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायचे, हे १९५६पासून ठरलेलं आहे.

शहापूरचा वकील: ते नियम आणि नोटिसांबद्दल आहे, पंचनाम्याबद्दल नाही. पण सहीआधी मजकूर मराठीत वाचून दाखवा, असा आग्रह धरता येतो. धरायला सोबत कुणी लागतं, एवढंच.

निपाणीकर: ‘शिकावं’ म्हटलं ते मामींना नव्हतं. तरी तसं लागलं असेल तर चुकलं माझं.

टिळकवाडीकर: ‘व्हिसेरा’ शब्द या पुस्तकांनी आधी शिकवला, हे मलाही लागू आहे. २०२१चं ‘ऑटोप्सी’ आणतो; ती पुन्हा व्हर्जिनियात येते म्हणतात. बेंटनबद्दल मात्र लेखिकेला माफी नाही.

खानापूरची वाचक: आणा. आणि निपाणीकर, त्या पंचनाम्याची झेरॉक्स अजून मामीच्या ट्रंकेत आहे. तिनं कशाखाली सही केली ते तिला आजही माहीत नाही.

निपाणीकर: रविवारी घेऊन या. ओळ न ओळ वाचून दाखवतो.