शब्दचर्चा : 'फेथ-बेस्ड ड्रामा' आणि 'होम व्हिडिओ रिलीज' मराठीत कसं लिहावं?

प्रश्न : अनुवादिका

आमच्या चित्रपट मंडळाच्या अंकासाठी ख्रिस्ती श्रद्धेच्या अमेरिकन चित्रपटांवर टिपण लिहिते आहे. त्यात मुख्य आहे 'फायरप्रूफ'. सप्टेंबर 2008 मध्ये तो तिकडे थिएटरांत लागला आणि जानेवारी 2009 मध्ये त्याची डीव्हीडी आली. इंग्रजी मजकुरात त्याला 'इन्स्पिरेशनल फेथ-बेस्ड ड्रामा' म्हटलंय आणि खाली 'होम व्हिडिओ रिलीज'ची तारीख दिली आहे. मी 'प्रेरणादायी श्रद्धाधारित नाट्य' आणि 'घरगुती चित्रफीत प्रदर्शन' असं लिहून ठेवलं, पण वाचताना दोन्हीकडे ठेच लागते. 'भक्तिपट' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : मुद्रितशोधक

आधी 'होम व्हिडिओ' घेऊ, कारण तिथे अर्थच बदलतो. 'घरगुती चित्रफीत' म्हटलं की मराठी वाचकाला कुणाच्या तरी बारशाचं, मुंजीचं हौशी चित्रण आठवेल. इंग्रजीतला 'होम' तिथे काय चित्रित केलं हे सांगत नाही, ते कुठे बसून पाहायचं हे सांगतो.

दुसरी अडचण 'प्रदर्शन'ची. चित्रपट प्रदर्शित होतो तो चारचौघांसाठी. कायद्याच्या भाषेतही सार्वजनिक प्रदर्शन ही वेगळी गोष्ट आहे, आणि डीव्हीडीच्या वेष्टनावर ती फक्त घरी खाजगीत पाहण्यासाठी असल्याची सूचना असते. हा भेद अशा चित्रपटांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. डीव्हीडी हाती आली की मंडळींना ती चर्चच्या सभागृहात सर्वांना दाखवावीशी वाटते, पण विकत घेतलेल्या डीव्हीडीने तो हक्क मिळत नाही, त्यासाठी सार्वजनिक प्रदर्शनाचा निराळा परवाना काढावा लागतो. म्हणजे ज्या वस्तूवर 'सार्वजनिक प्रदर्शन करू नये' असं लिहिलंय, तिच्याच बाजारात येण्याला आपण 'प्रदर्शन' म्हणायचं, हे पटत नाही. माझं मत : थिएटरसाठी 'प्रदर्शित झाला' किंवा सरळ 'लागला', आणि डीव्हीडीसाठी 'प्रकाशित झाली', 'बाजारात आली', 'निघाली'. कॅसेट 'निघते' हे आपण ऑडिओ कॅसेटच्या काळापासून म्हणत आलोच आहोत.

'ड्रामा'चं 'नाट्य' करू नका. तिथे ते चित्रपटाच्या प्रकाराचं नाव आहे. विनोदी नाही, मारधाडीचा नाही, एवढंच सांगणारं. आपल्या जुन्या जाहिरातींत पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक, कौटुंबिक असे प्रकार असत. 'फायरप्रूफ' त्यातला सरळसरळ 'कौटुंबिक' आहे. जॉर्जिया राज्यातल्या आल्बनी गावचा अग्निशमन दलाचा कॅप्टन, मोडकळीला आलेला संसार, वडिलांनी मुलाच्या हाती दिलेली चाळीस दिवसांची वही, रोज बायकोसाठी एक गोष्ट करायची. याला 'कौटुंबिक चित्रपट' म्हटलं की वाचक लगेच जागेवर येतो.

उत्तर : वसईकर

'भक्तिपट' नको, असं मनापासून वाटतं. भक्तिपट, संतपट म्हटलं की आपल्यासमोर 1936 चा प्रभातचा 'संत तुकाराम' उभा राहतो : नायकच संत, कथा त्याच्या चरित्राची, आणि शेवटी वैकुंठाला नेणारं विमान. 'फायरप्रूफ'मध्ये कुणी संत नाही, डोळ्यांना दिसणारा चमत्कारही नाही. चिडका, इंटरनेटच्या नादाला लागलेला नवरा आहे आणि कंटाळलेली बायको आहे. एका प्रसंगात त्याचा मित्र टेबलावरची मिठाची नि मिरपुडीची डबी एकमेकांना घट्ट चिकटवून टाकतो, आणि आता ओढून वेगळ्या केल्यास तर एक तरी फुटेल, असं त्याला समजावतो. चित्रपटाची सगळी श्रद्धा अशी स्वयंपाकघरातल्या वस्तूंतून बोलते. तिला 'भक्ती' म्हटलं तर वाचक चुकीच्या दारात जाऊन उभा राहील.

ख्रिस्ती चरित्रपट हा प्रकार मात्र आपल्याला परका नाही. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण दिसू लागले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पण ती चरित्रपटाची वाट. 2008 चा हा चित्रपट दुसऱ्या वाटेचा.

आता 'फेथ'. मराठी बायबलात यासाठी 'विश्वास' आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय काढून पाहा. प्रॉटेस्टंट मंडळींत 'विश्वासणारे' हा रोजचा शब्द. आम्हा वसईच्या कॅथलिकांच्या तोंडी 'श्रद्धा', 'श्रद्धावंत' अधिक. गोव्यात कोंकणीत हीच गोष्ट 'भावार्थ', आणि श्रद्धावंत ते 'भावार्थी'. तुमच्या वाचकाला यातला 'श्रद्धा' सर्वांत जवळचा, कारण मराठीत 'विश्वास' माणसावर, बँकेवर, कुणावरही ठेवता येतो. फक्त 'श्रद्धाधारित' नको. 'आधारित' कादंबरीवर किंवा सत्यघटनेवर असतं. श्रद्धेवर आधारित म्हटलं की पुरावा नाही, निव्वळ समजूत आहे, असा वास येतो. इंग्रजीतली विशेषणांची माळ हे दुकानातल्या फळीवरचं लेबल आहे. ते सोडवून क्रियापदात सांगा.

प्रश्नकर्ती : अनुवादिका

दोघांचेही आभार. आता असं लिहिलं आहे : 'ख्रिस्ती श्रद्धेतून उभा राहिलेला हा कौटुंबिक चित्रपट सप्टेंबर 2008 मध्ये प्रदर्शित झाला आणि घरी पाहण्यासाठी त्याची डीव्हीडी जानेवारी 2009 मध्ये बाजारात आली.' 'प्रेरणादायी' गाळलं, चालेल? आणि नावाचं काय करू? कंसात 'अग्निरोधक' असं दिलं होतं.

उत्तर : मुद्रितशोधक

वाक्य छान उतरलं आहे. 'उभा राहिलेला' तर इथे शब्दशः खरं आहे : आल्बनीच्या शेरवूड बॅप्टिस्ट चर्चने तो काढला, तिथलेच पाद्री असलेल्या केंड्रिक बंधूंनी लिहिला, आणि पडद्यावर नि पडद्यामागे बहुतेक चर्चचेच लोक बिनमोबदला राबले. खर्च सुमारे 5 लाख डॉलर, आणि अमेरिकेतल्या थिएटरांतूनच 3 कोटी 30 लाखांच्या वर उत्पन्न. टिपणात हे जरूर घ्या, त्याने 'फेथ-बेस्ड'चा अर्थ कुठल्याही विशेषणापेक्षा अधिक कळेल.

'प्रेरणादायी' गाळलंत ते उत्तम. मराठीत हा शब्द सत्कारसमारंभात इतका वापरला जातो की त्यातून आता काही पोचत नाही. कुणाला काय प्रेरणा मिळाली ते सांगता आलं तर सांगा : वडिलांची ती चाळीस दिवसांची वही, चित्रपटातलं तिचं नाव 'लव्ह डेअर' म्हणजे प्रेमाचं आव्हान, खरोखरच पुस्तक होऊन आली आणि खूप खपली.

नाव 'फायरप्रूफ'च ठेवा, पण अर्थ द्यायचा झाला तर 'अग्निरोधक' नको. रोधक म्हणजे आगीला अडवणारा. चित्रपटात तोच मित्र सांगतो त्याचा आशय असा की फायरप्रूफ म्हणजे आग लागणारच नाही असं नव्हे, लागली तरी टिकून राहील असं. भट्टीच्या विटांसाठी मराठीत 'उच्चतापसह' हा शब्द रुळलेला आहे, ताप सोसून टिकणाऱ्या. त्याच वळणावर 'अग्निसह' होतो. वाचकाला तो 'अग्नीसोबत' असा वाटण्याची शक्यता आहे, म्हणून पहिल्याच वापरात 'आग सोसून टिकणारा' असं उकलून लिहा. मग कंसातल्या शब्दाची गरजही उरणार नाही.