थरच्या वाळवंटातील टेकड्यांची टोके उलट दिशेला का?

प्रश्न (भूगोल शिक्षक, दर्यापूर तालुका)
बारखाण म्हणजे चंद्रकोरीसारखी वाळूची टेकडी आणि तिची शिंगे वारा वाहत जातो त्या दिशेला असतात, असे आपण शिकवतो. परंतु उपग्रहचित्रात थरमधील बऱ्याच टेकड्यांची टोके नैर्ऋत्येला, म्हणजे उन्हाळी वारा जिकडून येतो तिकडेच, वळलेली दिसतात. हे कसे? शिवाय मे महिन्यात वखरलेल्या वावरातून एवढा फुफाटा उडतो, तरी आमच्या धुऱ्याला (शेताच्या बांधाला) टेकडी का साचत नाही, असे एका विद्यार्थ्याने विचारले आहे.

उत्तर १
सर, त्या टेकड्या बारखाण नव्हेत, अन्वस्ताकार (पॅराबोलिक), म्हणजे इंग्रजी U सारख्या, आहेत. थरमध्ये त्यांचेच प्रमाण मोठे आहे. दोन्हींत कडेची टोके बुटकी व कमी वाळूची असतात, परंतु त्याचा परिणाम नेमका उलटा होतो. उघड्या, झाडोरा नसलेल्या जमिनीवर थोडी वाळू लवकर सरकते, म्हणून बारखाणाच्या कडा मधल्या भागाच्या पुढे निघून जातात. थरमध्ये मात्र थोडाफार पाऊस पडतो. बुटक्या कडांवर गवत व झुडपे मूळ धरून वाळू अडवतात आणि मधला उघडा भागच वाऱ्याबरोबर ईशान्येकडे सरकतो, त्यामुळे मागे राहिलेल्या दोन भुजा नैर्ऋत्येला उघडतात. जैसलमेरच्या अधिक कोरड्या पट्ट्यात बारखाणही आढळतात. केवळ आकारावरून वाऱ्याची दिशा सांगण्याची घाई करू नये. वाळू घसरून तयार झालेला, सुमारे ३३ अंशांचा तीव्र उतार कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहावे. तो दोन्ही प्रकारांत वाऱ्याच्या आडोशालाच असतो.

उत्तर २ (शेतकरी, अकोला जिल्हा)
धुऱ्याचे उत्तर मातीत आहे. टेकडीला साधारण ०.१ ते ०.५ मिलिमीटरचे सुटे कण लागतात, जे वाऱ्याने उड्या मारत जमिनीलगत पुढे जातात. आपली काळी माती बेसाल्टपासून झालेली, चिकणमातीची. तिची ढेकळे वाऱ्याला हलत नाहीत आणि बारीक धूळ एकदा उडाली की धुऱ्यापाशी थांबत नाही, दूर जाते. त्यातून जे काही साचेल ते मृगाच्या पावसात बसून जाते.

उत्तर ३
दूर गेलेली धूळही कुठेतरी साचतेच. चीनमधील लोएसचे पठार अशाच वाऱ्याने आणलेल्या धुळीचे असून काही ठिकाणी तिचा थर १०० मीटरहून जाड आहे. वर्गात दाखवायचे असल्यास नदीची कोरडी बारीक वाळू आणि वावरातील माती दोन परातींत घेऊन टेबलपंखा लावावा व वाळूत एक खडा ठेवावा. खड्याच्या आडोशाला वाळूची शेपटी तयार होते, मातीच्या परातीत ढेकळे तेवढी उरतात.