दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल: हाताने की मशीनने?

बी-३०४ आरोहीची आई: कुणाला अनुभव आहे का? आरोही साडेपाच वर्षांची. खालची सगळ्यात मागची दाढ किडलीय, रात्री रडत उठते. एका दवाखान्यात म्हणाले रूट कॅनाल, मशीनने करू, पैसे जास्त. दुसरीकडे म्हणाले हातानेच करतो. काही सुचेना झालंय.

ए-१०१ काका: अहो दुधाची दाढ! पडणारच आहे की ओ. काढून टाका.

सी-२०२ काकू: काका, तुमच्या वेळचे किती राहिलेत आता तोंडात?

ए-१०१ काका: कडक भाकरी खातो अजून. आमटीत भिजवून.

ए-४०१: आज पाणी सोडणार आहेत का?

बी-१०२ डॉक्टर वहिनी: काका, पुढचा दात असता तर मीही फार आग्रह केला नसता. पण ही दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत लागते. सहाव्या वर्षी तिच्या मागून पहिली कायमची दाढ येते. पुढची जागा रिकामी दिसली की ती तिकडे सरकते, मग खालून येणाऱ्या दाताने कुठं जायचं? काढावीच लागली तर जागा राखायला तारेचा स्पेस मेंटेनर बसवतात.

बी-३०४ आरोहीची आई: वहिनी, आणि मशीन?

बी-१०२ डॉक्टर वहिनी: मुळांच्या आत बारीक नळ्या असतात, त्या सुईसारख्या फाइलींनी साफ करायच्या. हाताच्या फाइली स्टीलच्या, बोटांत धरून एकेक नंबर वाढवत फिरवायच्या. मशीनच्या निकेल-टायटॅनियमच्या, लवचीक, छोट्या मोटरवर मिनिटाला साधारण १५० ते ३०० फेरे. दुधाच्या दातांत हे २००० च्या आसपास सुरू झालं. आता चेन्नईच्या डॉक्टरांनी खास लहान मुलांसाठी १६ मिलिमीटरच्या आखूड फाइली केल्यात. मोठ्यांच्या २१ किंवा २५ च्या असतात, एवढ्याशा तोंडात त्या घालायच्या म्हणजे कसरतच.

सी-२०२ काकू: मग मशीनच चांगलं की.

बी-१०२ डॉक्टर वहिनी: वेळ नक्की वाचतो. नळीला आकारही एकसारखा येतो, मग आत भरायची पेस्ट नीट बसते. पण पुढे दाढ किती टिकते ते बघितलं तर दोन्हींत फार फरक सापडत नाही. दुधाच्या दाढेच्या नळ्या गोल नसतात, फितीसारख्या चपट्या आणि वाकड्या असतात. कोपऱ्यात ना हाताची फाइल पोचते ना मशीनची. तिथं औषधी पाण्याने धुणंच कामाला येतं. आणि जोर लावला तर फाइल आत तुटू शकते, मुळाची भिंतही पातळ असते. हात सरावाचा हवा, मशीन असो नसो.

डी-१०३: माझ्या मुलाचं गेल्या वर्षी हाताने केलं. व्यवस्थित आहे. फक्त खुर्चीत बसवताना मी आणि हे, दोघं घामाघूम.

ए-१०१ काका: मशीनने केलं तर सुई नाही ना?

बी-१०२ डॉक्टर वहिनी: सुई दोन्हीकडे आहे काका. तुम्हाला नाही टोचायची, तुम्ही का घाबरता?

बी-३०४ आरोहीची आई: मग मी विचारू काय त्यांना?

बी-१०२ डॉक्टर वहिनी: आधी एक्स-रे. मुळं बरीच विरघळली असतील तर रूट कॅनालचाच उपयोग नाही. मग आत काय भरणार ते. मोठ्यांच्या दातात रबरासारखं गटापर्चा भरतात, ते इथं चालत नाही. मुळासोबत विरघळणारी पेस्टच हवी, नाहीतर खालचा कायमचा दात अडतो. वर कॅप घालणार ना, हेही विचारा. नुसतं सिमेंट भरून पाठवलं तर दाढ फुटू शकते. मशीनचं सगळ्यात शेवटी. आरोही खुर्चीत बसते का शांत?

बी-३०४ आरोहीची आई: केस कापायला दोघं लागतात.

बी-१०२ डॉक्टर वहिनी: मग द्या जास्तीचे पैसे. तेवढी मिनिटंच विकत घेताय. पण मशीन नसलेला डॉक्टर मुलांशी छान बोलत असेल, तर मी त्याच्याकडेच जाईन. हिरडीवर फोड किंवा गालाला सूज दिसली तर मात्र थांबू नका, उद्याच दाखवा.

बी-३०४ आरोहीची आई: सूज नाही. सकाळी एक्स-रे काढून तुम्हाला दाखवते.

ए-४०१: पाण्याचं कुणीच सांगितलं नाही ओ.