रिकम्बंट तीनचाकी: स्टँडवर अचूक पडणारे गिअर घाटात का अडखळतात?

सिंहगडरोड (प्रश्न)

नमस्कार. मणक्याच्या गादीचा त्रास सुरू झाल्यावर मला साधी सायकल सोडावी लागली आणि गेली दोन वर्षे मी रिकम्बंट (मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची) तीनचाकी चालवत आहे. पुढे दोन चाके, मागे एक, जाळीचे आसन, आसनाच्या दोन्ही बाजूंनी खालून वर आलेली हँडले आणि त्यांच्या टोकांना बसवलेले शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) अशी तिची रचना आहे. मागे 11 ते 34 दातांची 9 चकत्यांची कॅसेट असून पुढे तीन चेनरिंगा (पेडलजवळच्या दातेरी चकत्या) आहेत.

महिन्यापूर्वी मागच्या गिअरची तार शिफ्टरपाशी तुटली, म्हणून जवळच्या दुकानातून आतली तार आणि आउटर (तारेवरचे नळीसारखे आवरण) दोन्ही नवीन घालून घेतले. तेव्हापासून गाडी स्टँडवर घेऊन हाताने पेडल फिरवले की नऊच्या नऊ गिअर अचूक पडतात, परंतु कात्रजच्या जुन्या घाटात चढ लागला की चेन 34 च्या चकतीवर चढता चढता मध्येच खडखडत राहते आणि पायाचा जोर सोडला की आपोआप शांत होते. वळणावर हँडल पूर्ण वळवले तर एकदोनदा गिअर स्वतःहून उतरलासुद्धा. दुकानदाराने तीन वेळा डिरेलरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेचे) स्क्रू फिरवून पाहिले, फरक पडला नाही. याच काळात गुडघ्यांना आराम मिळावा म्हणून मी पेडलचा बूम (पेडल ज्यावर बसवलेले असतात तो पुढचा दांडा) 3 सेंमी पुढे सरकवला आहे, त्याचा काही संबंध असेल का? डिरेलर बदलण्याचा सल्ला मिळतो आहे, पण कारण कळल्याशिवाय तो खर्च करावा असे वाटत नाही.

पानापेचकस

डिरेलर बदलू नका, आणि कृपा करून त्याच्या दोन मर्यादा-स्क्रूंना आता कोणालाही हात लावू देऊ नका. ते स्क्रू चेन शेवटच्या चकतीच्या पलीकडे पडू नये एवढ्यासाठीच असतात. मधले गिअर जुळवण्याशी त्यांचा संबंध नसतो. तुमचे वर्णन वाचून माझा संशय सरळ आउटरवर जातो.

साध्या सायकलवर गिअरची तार बराचसा प्रवास फ्रेमच्या नळीलगत उघडीच करते आणि आउटर फक्त दोन टोकांना लागते. तुमच्या गाडीवर मात्र हँडलपासून मागच्या चाकापर्यंत जवळजवळ सगळीकडे आउटरच आहे, त्यामुळे त्यातला बारीकसा दोषही अनेक पटींनी जाणवतो. 9 गिअरच्या नेहमीच्या शिमानो शिफ्टरच्या एका टिचकीला तार साधारण अडीच मिलिमीटर ओढली जाते. आउटर कुठे दबून वा वाकून त्यातला एक मिलिमीटर जरी खाल्ला गेला, तरी जवळपास अर्धा गिअर हरवतो आणि चेन दोन चकत्यांच्या मध्ये लोंबकळते.

आता मुद्द्याची गोष्ट. ब्रेकचे आउटर आणि गिअरचे आउटर बाहेरून सारखेच काळे दिसले तरी त्यांची जडणघडण निराळी असते. ब्रेकच्या आउटरमध्ये चपट्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी असते. ते वाकले की गुंडाळ्यांची बाहेरची बाजू उघडते आणि त्याची लांबी बदलते. गिअरच्या आउटरमध्ये बारीक तारा लांबीला जवळजवळ समांतर घातलेल्या असतात, त्यामुळे वाकवले तरी लांबी टिकून राहते. तुम्ही डिरेलरपाशी टोपी काढून कापलेले टोक उजेडात पाहा. कडेने तारांची अनेक टोके ठिपक्यांसारखी दिसली तर ते गिअरचे. एकच वेटोळे दिसले तर दुकानदाराने ब्रेकचे घातले आहे. जाडीही मोजा, गिअरचे बहुधा 4 मिमी असते आणि ब्रेकचे 5. उलट चूक मात्र कधीही करू नका. समांतर तारांचे साधे आउटर ब्रेकला लावले तर जोराच्या दाबाखाली ते फुटू शकते.

डेल्फ्टहून

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त स्टँडवर ठीक आणि चढावर बिघाड असे का होते, हा धागा जोडावासा वाटतो. इथे नेदरलँड्समध्ये मी अकरा वर्षे रिकम्बंट चालवतो आहे आणि हाच त्रास मलाही झाला होता. चढावर आपण उभे राहू शकत नाही, पाठ आसनाला रेटून पाय पुढे ढकलतो. त्या वेळी जाळी मागे आणि खाली ताणली जाते. आउटर आसनाच्या आडव्या दांड्याखालून गेलेले असेल तर प्रत्येक रेट्याला ते दाबले जाते, आणि जोर सोडताच मोकळे होते. स्टँडवर आसन रिकामे असल्यामुळे हे कधीच दिसत नाही. कोणाला तरी आसनावर बसवून पाठ रेटायला सांगा आणि तुम्ही खाली वाकून आउटरकडे पाहा. नंतर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आउटर कुठे ताणले जाते तेही तपासा, कारण वळणावर गिअर उतरण्याचे कारण बहुतेक तिथेच सापडेल.

बूमचा तुमच्या खडखडीशी संबंध नाही, पण ती गोष्ट त्याहून गंभीर आहे. बूम 3 सेंमी पुढे गेला की चेनच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही बाजू मिळून 6 सेंमी चेन जास्त लागते. कड्यांची एक जोडी 2.54 सेंमीची असते. दोन जोड्यांनी 5.08 होतात, ते कमी पडतील. तीन जोड्या घाला, दीड सेंमीची ढील लांब पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग लांब असलेला) डिरेलर सहज सांभाळतो. चेन वाढवेपर्यंत पुढची मोठी चेनरिंग आणि मागची मोठी चकती एकत्र चुकूनही लावू नका, डिरेलर ताणून मोडण्याची आणि हँगर (डिरेलर जिथे अडकवतात ती फ्रेमची पट्टी) वाकण्याची भीती असते.

मंदगती

कारण तारेतच असावे असे मलाही वाटते. तरी एक सवय जरूर लावून घ्या: चढ सुरू होण्याआधी, पाय हलके फिरत असतानाच हलका गिअर घ्यावा. तीनचाकीला तोल सांभाळायचा नसल्याने अगदी कमी वेगातही पाय जलद फिरवत राहता येते. माझ्याकडे मागे हब गिअर (चाकाच्या मध्यभागी आत बंद असलेला गिअर) आहे आणि तो गाडी उभी असतानाही बदलतो, पण केवळ या बिघाडासाठी तेवढा खर्च करण्याची गरज नाही.

सिंहगडरोड

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी आसन उतरवले. आउटरचे टोक पाहिले तर एकच वेटोळे, जाडी 5 मिमी. दांड्याखाली ज्या जागी ते दबत होते तिथे नखाएवढा चपटा ठसा उमटलेला होता आणि आतून चिखलाचे पाणी निघाले. मुलीला बसवून पाठ रेटायला सांगितली तेव्हा डिरेलरपाशी तार हलताना मला डोळ्यांनी दिसली. इतक्या लांबीचे गिअरचे आउटर दुकानात नव्हते म्हणून ब्रेकचे घातले, असे दुकानदाराने प्रांजळपणे सांगितले.

4 मिमीचे आउटर शहरातून मिळवले, दांड्याच्या बाहेरच्या बाजूने वळसा देऊन बसवले आणि हँडलपाशी चार बोटे जास्त लांबी सोडली. चेनमध्ये तीन जोड्याही घातल्या. काल कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत जाऊन आलो. 34 ची चकती एका टिचकीत लागली आणि पूर्ण जोर दिला तरी आवाज झाला नाही. आसनाखालच्या आयडलर पुलीतून (लांब चेनला वाट दाखवणाऱ्या चाकीतून) मात्र बारीक घरघर येते आहे, ती खोलून बेअरिंग पाहिले की इथेच लिहीन.